आखाजीची राहून गेलेली शिवी

इजू, तुझ्या दहाव्याला कावळा पहिल्याच हाकेला शिवला. गिरणेच्या काठी तुझ्या लेकीने, पल्लवीने पिंड ठेवले, ती दोन पावलं मागे सरली, तेवढ्यात तो आला, मान वाकडी करून पाहिलं आणि घास घेऊन गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तुझे यजमान, आमचे दाजी म्हणाले, "चला, तिची कशातच इच्छा अडकलेली नव्हती." बायकांनी डोळे पुसत माना हलवल्या. मी मात्र उभ्या उभ्या जळले. कशातच नाही? माझ्यातसुद्धा नाही? पाच मिनिटं तरी त्या मेल्या कावळ्याला थांबवायचं होतंस. काय राहिलं असेल हो हिचं, असं कुणीतरी विचारलं असतं, आणि मी पुढे होऊन सांगितलं असतं की जरा बाजूला व्हा, हिचं आणि माझं एक भांडण राहिलंय. तेवढी संधीसुद्धा तू मला दिली नाहीस.

आज तेराव्याला तुझं गंधमुक्त झालं. पाहुणे गेले, मी धुळ्याला परत आले, आणि शाळेची वही समोर घेऊन बसले आहे. पंचावन्न वर्षांच्या बाईने गेलेल्या मैत्रिणीवर जळत बसू नये हे मला कळतं. पण तू जिवंत होतीस तेव्हा मी तुझ्यावर जळायचे, आणि तू गेलीस म्हणून ती सवय काही तेरा दिवसांत जात नाही.

आपल्या गावचा नाला आठवतो ना? उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. एका काठावर तुमची वरली गल्ली, दुसऱ्या काठावर आमची खालनी. बाकी महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया ती आपली आखाजी. सासरी गेलेल्या पोरींनी माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गौराईची गाणी म्हणायची, आणि दुपार कलली की दोन्ही गल्ल्यांच्या बायकांनी नाल्याच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या द्यायच्या. एका काठाने कडवं टाकायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. सूर्य बुडेपर्यंत हे चालायचं, आणि बुडताना जिच्याकडे उत्तर नाही ती गल्ली हरली. द्रौपदाअक्का कडुनिंबाखाली बसून निवाडा करायची. पोरी रडायला लागल्या की म्हणायची, "खा वं पोरीस्वन, खा. आज शिव्या खाशात तं वरीसभर जगशात." आपल्या गावात सगळ्यांचा यावर विश्वास होता. आखाजीला जिला कुणी शिवी देत नाही, तिचं वर्ष धड जात नाही. म्हणून ज्या बाईला कुणी वैरीण नसे तिला अक्का स्वतः चार शिव्या देऊन टाकायची, तिची हयगय नको म्हणून.

तू दहा वर्षांची होतीस, मीही तेवढीच. तू त्या काठावर एका दगडावर चढलीस, हात कमरेवर ठेवलेस, आणि पहिल्यांदा माझं नाव घेऊन गायलीस:

खालनी गल्लीनी सरलाबाई,
भाकरले चार कोना देई.

अख्खा काठ हसला. आमच्या काठावरच्या बायकासुद्धा हसल्या, माझी सख्खी काकू हसली. आदल्याच दिवशी मी पहिल्यांदा भाकरी थापली होती आणि ती खरंच चौकोनी झाली होती. ती बातमी तुला कुणी दिली, हे तू मरेपर्यंत सांगितलं नाहीस. मी रागाने लाल झाले, आणि त्या रागातच मला उत्तर सुचलं:

वरली गल्लीनी इजूबाई,
गाये तं म्हैस आटी जाई.

पण माझा आवाज हा असा, फाटक्या सुपासारखा. नाल्याच्या मध्यापर्यंतही तो पोचला नाही. तू कानाला हात लावून विचारलंस, "काय म्हनी ऱ्हायनी? मोठ्याने बोल ना वं!" आणि तेवढ्यात सूर्य बुडाला. त्या वर्षी आम्ही हरलो. त्यानंतर दरवर्षी हरलो. शब्द माझे बरे असत हे तूही मानायचीस, पण शेवटचं कडवं नेहमी तुझं.

तुझं लग्न जळगावला झालं, माझं धुळ्याला. आखाजीला आपण दोघी माहेरी येत राहिलो, आणि आईबाप गेल्यावर माहेर संपलं तेव्हा आखाजीच्या दुपारी फोन सुरू झाला. एकही वर्ष चुकलं नाही. शिक्षकांच्या खोलीत बसून मी फोनवर तुझा गळा बसो, जिभेला फोड येवो असं गात असे, आणि सोबतचे गुरुजी वहीत डोकं घालून बसत. माझे अहो म्हणायचे, "एवढ्या प्रेमाने तू माझ्याशी कधी बोलली नाहीस." खरंच नाही बोलले.

हेवा कसला करायचा ते तरी एक ठरलेलं असावं. तू ती सोयही ठेवली नाहीस. आधी तू लोकांच्या लग्नाच्या वरातीत बॅन्डच्या गाडीवर उभी राहून गायलीस. तुझ्या सासूबाईंनी तीन दिवस अन्न सोडलं, चौथ्या दिवशी शेजारणीने "तुमच्या सुनेचा गळा गोड आहे हो" म्हटल्यावर जेवल्या. मग ऑर्केस्ट्रा. मग अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ, त्यात तू खाष्ट सासू व्हायचीस आणि सुनेपेक्षा जास्त नाचायचीस. सावद्याच्या केळीच्या बागेत शूटिंग होतं म्हणून माझी मोरपंखी साडी मागून नेलीस. परत आली ती केळीच्या चिकाचे डाग घेऊन. केळीचा चीक कधी निघतो का? तू म्हणालीस, "दुखी कसाले व्हस, तुनी साडी बठ्ठा खानदेशनी दखी." साडी पाहिली गं सगळ्या खानदेशाने. साडीवालीला कोण ओळखतं? धुळ्यात माझ्याच वर्गातल्या एका पोराची आई मला म्हणाली होती, "बाई, तुमची साडी अगदी त्या सासूसारखी आहे." ती साडी मी अजून फेकलेली नाही.

त्यानंतर तू घंटागाडीवर आलीस. जळगावला तुझ्याकडे मुक्कामाला होते, सकाळी अंगणात दात घासत उभी होते, आणि रस्त्यावरून तुझा आवाज येऊ लागला, ओला कचरा वेगळा ठेवा, सुका कचरा वेगळा ठेवा, चालीवर, मध्ये एक हरकतसुद्धा. तू आत पोहे करत होतीस आणि तू बाहेर कचऱ्याच्या गाडीवरही होतीस. बायका धावत येऊन कचरा वेगवेगळा टाकत होत्या. तीस वर्षं मी वर्गात चाळीस पोरांना ऱ्हस्व-दीर्घ वेगळं ठेवा म्हणून सांगते, ते कुणी ऐकत नाही. त्या सकाळी मी कचऱ्याच्या गाडीवर जळले, हे तुला मी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

मग लॉकडाऊन आला आणि तुझ्या हातात फोन आला. तू वांगी भाजत लाइव्ह जायचीस, कळण्याची भाकरी थापत लाइव्ह जायचीस, लुडो खेळता खेळता गायचीस, कुणी सुनेची तक्रार सांगितली तर तिची बाजू घेऊन सासूलाच झापायचीस. नाशिकहून, सुरतहून, कुठून कुठून लोक यायचे आणि पडद्यावर गुलाबाची फुलं उडवायचे. मीही यायचे. नाव न देता. एकदा मी एक गुलाब उडवला होता, तू "कोन शे हाऊ भाऊ, धन्यवाद भाऊ" म्हणालीस. मी भाऊ नव्हते.

हे सगळं मी सोसलं, इजू. गाडीवरची तू, केळीतली तू, कचऱ्यातली तू, फोनमधली तू. कारण आखाजीची दुपार माझी होती. बाकी सगळ्यांना तू गाणं द्यायचीस, शिवी फक्त मला.

आणि मग ती जपानी बाई आली.

त्या लाइव्हमध्ये दोन जणींची लढत लावायची सोय आहे, पडदा मधोमध कापला जातो, अर्ध्यात एक आणि अर्ध्यात दुसरी. त्या यंत्राने तुझ्यासमोर कुणीही आणून बसवली असती. पण आणली ती हारुका. पंचेचाळिशीची, गोल चेहऱ्याची, समोर भाताचा गोळा आणि मागे कापडी खारी. तू तिची सगळी कहाणी मला फोनवर सांगितलीस, मी न विचारता. म्हणे, तरुणपणी ती मुलींच्या एका गाणाऱ्या चमूत होती आणि एकवीस पोरींत शेवटच्या रांगेत उभी असायची. तो चमू मोडला. मग कार्टूनमधल्या खारीचा आवाज झाली. मग गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात हॉटेलात जेवणाऱ्या पाहुण्यांसमोर गायची. मग मासळीच्या एका मोठ्या दुकानात दिवसभर तिचा आवाज वाजायचा, आज ताजी कोणती, आज स्वस्त कोणती. आणि आता लाइव्हमध्ये गाते, खेळ खेळते, शेवया सुर्र करून खाते. तू हसत हसत म्हणालीस, "सरले, तिनी नि मनी कुंडली एकच शे. ती मासळीना दुकानमा बोलस, मी कचरानी गाडीवर!" तुझ्या आवाजात एवढा आनंद होता की मी फोन कानापासून जरा लांब धरला.

मी ती लढत पाहिली. पल्लवीने पाठवलेली, शिळी. तुझ्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं. मधोमध कापलेला पडदा म्हणजे तुला नाला दिसला. तू हात कमरेवर ठेवलेस. तिच्या दिशेला तोंड केलंस. आणि गायलीस:

खालनी गल्लीनी हारुकाबाई,
भाकरले चार कोना देई.

फोनने तिला त्याचं काहीतरी भाषांतर करून दिलं. तिने समोरचा भाताचा गोळा उचलून दाखवला. तो तिकोनी होता. माझ्या भाताला तीन, असं ती बोटांनी म्हणाली, आणि तू मांडीवर थाप मारून हसत सुटलीस. पडदा गुलाबांनी भरून गेला.

ती ओळ माझी होती, इजू. तू रचलेली, पण माझ्यावरची. माझ्या पहिल्या भाकरीची. पंचेचाळीस वर्षं ती ओळ मी अंगावर बाळगली होती. माझं नाव काढून तिथे तू दुसरीचं नाव घातलंस, आणि ते चालीत बसलंसुद्धा, कुठे अडखळलं नाही.

मी तुला फोन केला. आपलं ते भांडण तुला आठवतं की नाही माहीत नाही, मला शब्दन् शब्द आठवतं.

मी म्हटलं, "ती ओळ माझी होती."

"अय सरले, शिवीवर काय तुनं नाव कोरेल शे का?"

"हो. सरलाबाई असं कोरलेलं होतं."

तू खूप हसलीस. मी हसले नाही, तेव्हा म्हणालीस, "मंग तू ये ना वं. या आखाजीले लाइव्हमा ये. एक गल्ली तुनी, एक मनी. ती बाई निस्ती दखी. तू बठ नि बोल, बाकी मी दखी लिसू."

मी म्हटलं, मी शिक्षिका आहे, मला चार लोकांत मान आहे, मी असल्या ठिकाणी येत नाही. खोटं होतं ते. मला भीती वाटली होती. तुझ्यासमोर माझा आवाज नाल्याच्या मध्यापर्यंत पोचला नव्हता, जपानपर्यंत काय पोचणार? आणि ती बाई माझ्यापेक्षा बरी निघाली तर? ती दिसायला बरी, गायला बरी, तिच्या खारीसुद्धा बऱ्या. माझ्याकडे फक्त शब्द होते, आणि ते तिच्या भाषेत जाऊन काय होतील याचा भरवसा नव्हता. हे मी त्या वेळी सांगायला हवं होतं. पण मानाच्या गोष्टी सांगून फोन ठेवला.

आखाजी आली. दुपारी तू लाइव्ह गेलीस. मी स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून पाहत होते. पडद्याच्या एका अर्ध्यात तू, नऊवारी नेसून, नथ घालून. दुसऱ्या अर्ध्यात ती. तिनेही कपाळाला टिकली लावली होती, तू पाठवलेली असणार. तू म्हणालीस, "धुयानी गल्ली कव्हय येस? वाट दखी ऱ्हायनू मी." हजारभर लोकांना वाटलं असेल, कुठली तरी गंमत आहे. मला माहीत होतं कुणाला हाक मारते आहेस. कडवं माझ्या जिभेवर तयार होतं. बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं. तेवढ्यात ती टिकलीवाली काहीतरी बोलली आणि तू तिच्याकडे वळून हसलीस.

मी फोन उचलला आणि दादर ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घातला. झाकण लावलं. डब्यातून तुझा आवाज येत राहिला, शब्द कळत नव्हते, चाल तेवढी कळत होती. तू काहीतरी गात होतीस. मी मुद्दाम भांडी घासायला घेतली आणि नळ मोठा सोडला. फोन बाहेर काढला तेव्हा तो पिठाने पांढरा झाला होता, आणि तेव्हापासून त्यातून सगळ्यांचे आवाज सर्दी झाल्यासारखे येतात.

त्या वर्षी, म्हणजे याच वर्षी, मी तुला शिवी दिली नाही.

वर काय केलं तर तुझ्याशी चांगली बोलू लागले. तुझे फोन यायचे, मी विचारायचे, तब्येत कशी आहे, औषध वेळेवर घेतेस ना, पल्लवीचं कसं चाललंय. तुला जी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एकदा तू न राहवून म्हणालीस, "सरले, इतलं गोड काबरं बोली ऱ्हायनी? कोनी मरनं का?" मी म्हटलं, "अगं नाही, काळजी वाटते म्हणून." तुला सगळं कळत होतं. सात महिने मी तुला गोड बोलून शिक्षा केली, आणि तू ती घेतलीस, आणि मग एका सकाळी वांगी भाजता भाजता चुलीपाशीच बसलीस ती उठली नाहीस.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दाजी म्हणाले, वय. पण मला द्रौपदाअक्का दिसत होती, कडुनिंबाखाली बसलेली. आज शिव्या खाशात तं वरीसभर जगशात. मी शिकलेली बाई आहे, मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला सांगते, त्यांत चुका काढते. तरी सांगते इजू, त्या दिवसापासून मला झोप नाही. तुझं वर्ष माझ्या तोंडात होतं आणि मी तोंड मिटून बसले. तेही कशावरून, तर एका चौकोनी भाकरीवरून.

म्हणून कावळा पटकन शिवला तेव्हा मी जळले. मला वाटलं, हिला माझी शिवी नकोच होती. हिने तिकडे नवी वैरीण केली आणि मला सोडून दिलं.

नदीवरून घरी आलो. पंगत उठली. दुपारी पल्लवी माझ्याजवळ येऊन बसली, हातात तुझा फोन. म्हणाली, "मावशी, हारुकाताईंचा मेसेज आहे. आईसाठी आहे असं वाटलं, पण तुमच्यासाठी आहे." मी म्हटलं, माझ्यासाठी कसला? पल्लवीने वाचून दाखवला. फोनने केलेलं मराठी होतं, सरकारी नोटिशीसारखं. मी ते तसंच उतरवून घेतलंय: "विजया मला नेहमी सांगत असे की तुम्ही अर्ध्या भाजलेल्या शत्रू आहात. माझी संपूर्ण शत्रू धुळे येथे निवास करते. तुमच्यावर मी केवळ सराव करते. मला धुळे यांचा फार हेवा वाटत असे. कृपया धुळे यांची भेट घडवा. माझ्याजवळ त्यांची एक वस्तू आहे."

मी तो मेसेज तीनदा वाचायला लावला. पल्लवीला वाटलं, मावशीला ऐकू कमी येतं. कच्ची वैरीण म्हणालीस तू तिला! सराव! इजू, भर दहाव्याच्या घरात मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी पदर तोंडाला लावला, तर बायकांनी येऊन माझं सांत्वन केलं.

संध्याकाळी चारच्या सुमारास पल्लवीने मला मागच्या अंगणात बसवलं, तुझ्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि फोन भिंतीला टेकवून ठेवला. पडदा मधोमध कापला गेला. एका अर्ध्यात मी, फाटक्या सुपाच्या आवाजाची, रडून सुजलेली. दुसऱ्या अर्ध्यात ती. पांढरा साधा सदरा, मागे खारी नाहीत, कपाळाला तुझी टिकली. तिने मान खाली घालून नमस्कार केला. मी नमस्कार केला नाही. मी वाट पाहिली.

तिने एक कागद काढला, पण पाहिला नाही. हात कमरेवर ठेवले. अगदी तुझ्यासारखे, डावा कोपर जरा पुढे. ती पोज तुझी आहे हे पाहून मी पुन्हा एकदा जळले. आणि मग ती गायली. अर्थ एकाही शब्दाचा माहीत नाही, तरी चाल तुझी, श्वास घ्यायच्या जागा तुझ्या:

खालनी गल्लीनी सरलाबाई,
तोंडले कुलूप लावी जाई;
किल्ली धाड वं जयगावले,
एक शिवी बाकी ऱ्हाई.

माझं नाव तिच्या तोंडी सरराबाई झालं होतं. पण ते माझंच नाव होतं. काढून दुसरं घातलेलं नव्हतं.

ती फोनच्या मराठीत म्हणाली, "आखाजीच्या दिवशी विजयाने हे गायले. उत्तर आले नाही. तिने मला सांगितले, हे पाठ करा, माझा विसराळूपणा आहे, धुळे येईपर्यंत सांभाळा." तू विसराळू! पंचेचाळीस वर्षांपूर्वीची चौकोनी भाकरी लक्षात ठेवणारी तू विसराळू! डब्यातून मला जी चाल ऐकू येत होती ती हीच. मी नळ मोठा सोडून जे बुडवलं ते हे. किल्ली मागत होतीस तू, आणि मी भांडी घासत होते.

मग मला कावळ्याचं कळलं. तुझी इच्छा राहिली नव्हती असं नाही. ती तू सोडवून ठेवली होतीस. माझ्याकडे पोचवायची सोय करून गेली होतीस, म्हणून तो थांबला नाही. तुझा तो कामाचा उरक मला शाळेपासून माहीत आहे, आणि त्याचाही मला हेवाच वाटायचा.

हारुका वाट पाहत होती. अंगणाच्या दारात पल्लवी आणि तीन-चार बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. दहाव्याच्या घरात शिवी कशी द्यायची? दाजी ओसरीवर बसलेले. आणि मला कुणाचीच लाज वाटेना. मी खुर्चीवरून उठले. हात कमरेवर ठेवले. फोनकडे नाही, घराच्या भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो खिडकीतून दिसत होता, त्याच्याकडे तोंड केलं, आणि जेवढा होता तेवढा आवाज काढला:

वरली गल्लीनी इजूबाई,
न सांगता निंघी जाई;
जीभ झडो तुनी, गया बसो,
मरानी इतली काय घाई?

बायकांनी तोंडावर हात ठेवले. ओसरीवरून दाजी उठून आले, मला वाटलं आता ओरडतील. ते दाराला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "अजून मोठ्याने म्हना, सरलाताई. तिले आयकू नही जावाव." मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. शेजारच्या गच्चीवरच्या माणसांनी वाकून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज पार पलीकडच्या काठावर गेला, इजू, आणि काठावर तू नव्हतीस.

हारुका रडत होती. रडता रडता तिने हात कमरेवर ठेवले, श्वास घेतला, तुझ्या वतीने काहीतरी उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं. मी तिला थांबवलं. हात वर करून, वर्गात पोरांना थांबवते तशी. म्हटलं, "तू नको. तिची पाळी आहे."

पल्लवीने ते तिला टाइप करून पाठवलं. हारुकाने वाचलं आणि हात खाली घेतले. तिच्याकडे केव्हाची रात्र झाली होती, पण ती गेली नाही. आम्ही दोघी आपापल्या अर्ध्यात सूर्य बुडायची वाट पाहत बसलो. मध्येच तिने मला तो तिकोनी भाताचा गोळा दाखवला, मी मान हलवली. तेवढं मी तिला दिलं. पुढच्या आखाजीला तिलाही एक शिवी देईन, असं पल्लवीकडून कळवलंय. वर्षभर जगायला हवी ना तीही.

जळगावात हिवाळ्यात दिवस लवकर बुडतो. ऊन आधी तुळशीवरून गेलं, मग कपड्यांच्या दोरीवरून, मग पाण्याच्या टाकीवरून. मी फोटोकडे पाहत होते. नियम तुला माहीत आहे, मला माहीत आहे, अक्काने तो कधी कुणासाठी मोडला नाही. टाकीवरचं ऊन गेलं.

तू उत्तर दिलं नाहीस. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा खालनी गल्ली जिंकली, इजू. आता तरी चीड ना माझ्यावर.